म्हैस कान ढिला सोडेपर्यंत

सोजरबाई माणसाचं नाव नंतर विचारायच्या, आधी जनावराचं. दवाखान्याच्या फाटकातून कुणी गाय घेऊन आत आला की मी टेबलावरूनच ओरडायचो, "नाव काय? गाव कोणतं?" मला रजिस्टर भरायचं असायचं. तोवर बाई गायीपाशी पोचलेल्या असायच्या. मालकाला विचारायच्या, "हिला हाक काय मारता?" मालक म्हणायचा, "चंद्री." मग बाई तिला दोनदा चंद्री म्हणायच्या, मालकाच्याच सुरात, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून गप उभ्या राहायच्या. माझं रजिस्टर भरून व्हायचं, पेन खिशात जायचं, तरी त्या उभ्याच. मी घाई केली की म्हणायच्या, "कान ढिला सोडू द्या की तिला आदी."

या बाईंवर मी एकोणीस वर्षं जळलो. मी पशुधन पर्यवेक्षक, डिप्लोमावाला. त्या परिचर, म्हणजे झाडलोट करायची, पाणी भरायचं, जनावर धरायचं. खालच्यानं वरच्यावर जळावं हे जगाला समजतं, वरच्यानं खालच्यावर जळलं तर ते कुणाला सांगता पण येत नाही. म्हणून मी ते आजवर बायकोलाही सांगितलं नाही. तिला ते आधीपासूनच माहीत होतं, हा भाग वेगळा.

आमचा दवाखाना शिरूर कासारच्या रस्त्याला. दोन खोल्या, दारात एक लिंबाचं झाड आणि अंगणात लोखंडी खोडा. जनावराला आत घालून दोन्ही बाजूंनी पाइप अडकवायचे, की ते जागचं हलत नाही, असा तो सांगाडा. डॉक्टरसाहेबांकडं आणखी दोन ठिकाणचा चार्ज असल्यामुळं दवाखाना म्हणजे मी आणि बाई. लोक मला तोंडावर 'डाक्टर' म्हणायचे. पण माझ्याच मोबाइलवर फोन करून विचारायचे, "डाक्टर, बाई हायत का?" आहेत म्हटलं तर जनावर यायचं, नाहीत म्हटलं तर "मंग उद्या यीन" म्हणून फोन बंद. माझं गाव पाली. तिथं थोरल्या भावाची गाय अडली तेव्हा माझ्या सख्ख्या भावानं फोन केला आणि म्हणाला, "तुला काम आसंल तर तू न्हाई आलास तरी चालंल, पण बाईला तेवढं पाठव." मी बाईंना मोटारसायकलवर मागं बसवून नेलं आणि सबंध रस्त्यात त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. वासरू सुखरूप झालं. परत येताना त्याच म्हणाल्या, "तुमचा भाऊ लई साधा माणूस हाय, सायेब." तेवढ्यानंही मला राग आला.

अंगानं काटकुळ्या, उंच. साडीवर कायम एक खाकी शर्ट. त्यांचा नवरा याच खात्यात परिचर होता. तो गेला, अनुकंपावर बाई लागल्या आणि त्याचा शर्टही त्यांच्याबरोबर नोकरीला आला. कामाचे तास संपले की शर्ट खिळ्याला, दुसऱ्या दिवशी परत अंगावर. त्या शर्टाच्या खिशात बाई कसली तरी मुळी बाळगतात आणि तिच्या वासानं जनावरं शांत होतात, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. एका दुपारी त्या शर्ट खिळ्याला लावून पाण्याला गेल्या असताना मी तो खिसा तपासला. आत दात पडलेला कंगवा, एक सेफ्टी पिन आणि दवाखान्याची किल्ली. मुळी सापडली असती तर फार बरं झालं असतं. मुळी मीही आणली असती.

ऊसतोडीचे लोक दिवाळीच्या सुमाराला बैल दाखवून जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. एका साली परतलेल्यांतल्या एकाच्या बैलाला खांदेसूज झाली होती. जुवानं मानेवरचं कातडं सोलून निघालं होतं, आत पू धरला होता. तो कुणाला जवळ फिरकू देईना. मी तिघांना दोर धरायला लावले आणि त्याला खोड्यात घालायला गेलो. बैलानं एक पाइप वाकवला आणि मी लिंबाच्या झाडामागं गेलो. तिथूनच मी मालकाला झापत होतो, तेवढ्यात बाई घागर कडेवर घेऊन फाटकातून आल्या. बैलाकडं बघून म्हणाल्या, "आरं, सोन्या न्हवं का तू?"

मालक बघतच राहिला. "बाई, तुमच्या ध्यानात हाय ह्यो? सा म्हयने झालं की."

"डाव्या कानाला फाट हाय त्याच्या. इसरंल कशी? दोर सोडा."

"बाई, मारंल तो!" मी झाडामागून म्हणालो.

"तुमी तिथंच थांबा, सायेब," त्या म्हणाल्या. दोर धरणारे तिघं फसकन हसले.

बाई त्याच्या खांद्याशी उभ्या राहिल्या. किती वेळ, ते मी मोजलं नाही, पण मालकाची बिडी ओढून संपली. मग फाटका कान हळूहळू खाली आला आणि बाईंनी जखमेला हात घातला. बैल फक्त एकदा फुरफुरला. ते लोक गेल्यावर मी जुनं रजिस्टर काढलं. दिवाळीच्या आधीची नोंद माझ्याच अक्षरात होती: बैल, पांढरा, खिलार. त्या रजिस्टरात जनावराच्या नावाचा रकानाच नाही. मी स्वतःची तशी समजूत घातली आणि रजिस्टर कपाटात ठेवून दिलं.

मग ॲप आलं.

त्याआधी आमचं प्रशिक्षण म्हणजे बीडला दोन दिवस. हॉल, पंखे, कोरी वही घातलेली फाइल, अकराला चहा-बिस्कीट, जेवणानंतर डुलकी आणि शेवटी सगळ्यांचा एक फोटो. त्या फोटोत परिचर कधी नसायचे, कारण त्यांना बोलावतच नसत. एवढ्या वर्षांत मी अकरा फोटोंत होतो आणि बाई एकाही नाही. भिंतीवर टांगलेल्या त्या फोटोंवरची धूळ मात्र बाईच पुसायच्या.

ॲपनं हॉल बंद केला आणि प्रशिक्षण खिशात आणून ठेवलं. रोज सकाळी एक छोटा धडा, त्याखाली पाच प्रश्न, उत्तरांना गुण आणि गुणांप्रमाणे तालुक्याची यादी. दर गुरुवारी व्हिडिओवर एक शिकवणाऱ्या बाई, त्यांना कोच म्हणायचं. आमच्या कोच केतकी मॅडम, पुण्याच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. ॲपला डिप्लोमा कळत नव्हता आणि वर्ग कळत नव्हता. खात्यात ज्याचा नंबर आहे तो यादीत. पर्यवेक्षक आणि परिचर एकाखाली एक. पहिल्या महिन्याच्या यादीत बाईंचं नाव माझ्या वर दिसलं तेव्हा मी फोन बंद करून परत चालू केला. नाव तिथंच होतं.

त्यातही मला जास्त लागलं ते चष्म्याचं. बाई सातवी शिकलेल्या, वाचायच्या बोट फिरवत, आणि जवळचं दिसत नव्हतं. सकाळी धडा आला की माझ्या टेबलाशी यायच्या. "सायेब, तुमचा चष्मा द्या की जरा." माझाच चष्मा, माझ्याच नंबरचा. तो लावून ओठ हलवत प्रश्न वाचायच्या, विचार करायच्या आणि बरोबर उत्तरावर बोट ठेवायच्या. मी त्या वेळी समोर आंधळ्यासारखा बसून राहायचो. एकदा वाटलं, चष्मा घरी विसरलो म्हणून सांगावं. दोन दिवस तसं सांगितलंही. तिसऱ्या दिवशी चष्मा लपवायच्या नादात माझेच प्रश्न राहून गेले.

गुरुवारच्या भेटीला रेंज फक्त अंगणात यायची, ती पण खोड्याच्या आत. बाई खोड्यात उलटी बादली ठेवून तिच्यावर बसायच्या. पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंचे लोखंडी पाइप बघून केतकी मॅडम घाबरल्या. "ताई, तुम्ही कुठे आहात?"

"खोड्यात हाय, मॅडम. तू जेवलीस का?"

केतकी मॅडमना म्हशीचं ओ की ठो कळत नव्हतं. कुणी काही विचारलं की त्या उत्तर द्यायच्या नाहीत, उलट विचारायच्या, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" मला हे पटत नव्हतं. उत्तर माहीत नसेल तर शिकवता कशाला, असं मी खिडकीआड पुटपुटायचो. बाईंना मात्र ते लई आवडलं. नोकरीच्या एवढ्या वर्षांत त्यांना काय वाटतं हे कुणी विचारलंच नव्हतं, मी तर नाहीच. आता दर गुरुवारी एक मुलगी पुण्यातून विचारायची आणि बाई खोड्यात बसून सांगायच्या. यादीतले बाकीचे पर्यवेक्षक आपापले माइक बंद करून ऐकायचे. मी खिडकीतून बघायचो आणि माझ्या पोटात दुखायचं, दुसरा शब्द नाही.

बाईंच्या निवृत्तीला चार महिने राहिले असताना वरून कळलं की प्रत्येक तालुक्यातून एक 'मार्गदर्शक सहकारी' निवडायचा. त्यानं आपल्या कामाचा व्हिडिओ करायचा, नव्यानं लागलेल्या मुला-मुलींनी तो बघून शिकायचं. मला वाटलं, माझं नाव येईल. मी एक शर्ट इस्त्री करून दवाखान्यात आणून ठेवला होता. नाव आलं सोजरबाईंचं, आणि खाली लिहिलं होतं की चित्रीकरणासाठी पर्यवेक्षकांनी सहकार्य करावं.

विषय ठरला म्हशीच्या कासेची तपासणी. कास दगडासारखी घट्ट होते, त्याला आमच्याकडं दगडीच म्हणतात, ती वेळेत कशी ओळखायची. शेजारच्या शेतातली नुकती व्यालेली म्हैस आणली. मी फोन धरला. बाईंनी विचारलं, "हिला हाक काय मारता?" मालक म्हणाला, "बिजली." नावावरूनच कळावं असं ते जनावर होतं. बाई तिच्या खांद्याशी उभ्या राहिल्या. एक मिनिट गेलं, दोन गेली. माझा हात अवघडला. मी म्हणालो, "बाई, उरका की आता, बॅटरी चाललीय."

म्हशीचे दोन्ही कान ताठ झाले आणि ती दोन पावलं मागं सरली. बाईंनी वळूनही बघितलं नाही. हळूच म्हणाल्या, "सायेब, तुमच्या आवाजानं ती बावरती. तुमी जरा गप ऱ्हावा." आणि पहिल्यापासून परत उभ्या राहिल्या. आणखी दोन मिनिटांनी कान खाली आले. मग बाईंचा हात खांद्यावरून पाठीवर, पाठीवरून पोटाखाली, पोटाखालून कासेला गेला. म्हैस हलली नाही. व्हिडिओ सहा मिनिटांच्या वर झाला होता.

तो नीट करून पाठवायचं काम माझ्याकडं. ॲपमध्ये तीन मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ चढत नव्हता. चांगला व्हिडिओ कसा करावा याचा एक धडा ॲपमध्येच होता, त्यात स्पष्ट लिहिलं होतं की सुरुवातीचा रिकामा वेळ कापून टाका, बघणारा कंटाळतो. हे दोन्ही नियम खरे होते, मी काही ते केलेले नाहीत. पण तीन मिनिटांत वीस-पंचवीस सेकंदांचं थांबणं सहज बसलं असतं. वर एक ओळ लिहिता आली असती की म्हशीनं कान ढिला सोडेपर्यंत कासेला हात लावू नये. मी ती लिहिली नाही. माझा आवाज, ते ताठ झालेले कान आणि 'तुमी जरा गप ऱ्हावा' हे सगळ्यांनी बघावं असं मला वाटत नव्हतं, हे एक कारण. दुसरं त्याहून वाईट होतं. थांबणं काढून टाकल्यावर जे उरत होतं ते मलाही येत होतं. उरलेल्या व्हिडिओत बाई माझ्याएवढ्याच दिसत होत्या.

व्हिडिओ ॲपवर आला तेव्हा बाईंनी माझा चष्मा घेऊन तो बघितला. संपल्यावर परत एकदा बघितला.

"माजं थांबणं कुटं गेलं, सायेब?"

"ॲपमध्ये तीनच मिनिटं बसतात, बाई."

"आसं व्हय," त्या म्हणाल्या. शर्टाच्या टोकानं काचा पुसून त्यांनी चष्मा माझ्या हातात दिला आणि झाडू घेतला.

महिन्याभरानं ते झालं. दुसऱ्या तालुक्यात नव्यानंच लागलेली एक पर्यवेक्षक मुलगी, तिनं सकाळी व्हिडिओ बघितला आणि दुपारी एका व्यालेल्या म्हशीपाशी जाऊन सरळ कासेला हात घातला. लाथ मनगटावर बसली. हाड मोडलं. तिनं व्हिडिओखाली डाव्या हातानं दोनच शब्द लिहिले, 'तसंच केलं.' वरच्या कार्यालयातून बाईंच्या नावानं पत्र निघालं. चुकीची पद्धत दाखवल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. मार्गदर्शकांच्या यादीतून त्यांचं नाव निघालं आणि खालचं नाव वर चढलं. खालचं नाव माझं होतं. निवृत्तीला दोन महिने राहिलेले, आणि अशा वेळी चौकशी लागली की पुढचे कागद किती वर्षं अडकतात, हे दवाखान्यातल्या लिंबाच्या झाडालाही माहीत होतं.

बाईंना खुलासा लिहिता येणार नव्हता. त्या माझ्याकडंच आल्या. माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"लिवा," म्हणाल्या. "मी म्हशीजवळ थांबले व्हते. ते व्हिडिओत दिसत न्हाई. दिसत न्हाई म्हणल्यावर मी त्वांडानं बोलून दाखवायला पायजे व्हतं. ते दाखवलं न्हाई, ही माजी चूक हाय. त्या पोरीचा हात बरा झाला का, ते कळवावं."

"हे शेवटचं खुलाशात बसत नाही, बाई."

"बसवा."

मी बसवलं. पण माझं पेन कागदावरून उठेना. माझ्या फोनमध्ये तो सहा मिनिटांचा व्हिडिओ अजून तसाच होता. मी खाली मान घालूनच म्हणालो, "बाई, याच्यात लिहू का? व्हिडिओ मी कापला म्हणून."

त्यांनी माझा चष्मा मागितला. बोट फिरवत कागद पहिल्यापासून वाचला. मग म्हणाल्या, "ह्यो माजा कागद हाय, सायेब. माज्या कागदावर माजंच आसू द्या. तुमचं काय आसंल ते तुमच्या कागदावर लिवा." आणि सही केली, एकेक अक्षर सुटं काढत.

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. मी मनात म्हटलं, लिहू की, उद्या लिहू. उद्या गुरुवार होता आणि मार्गदर्शक म्हणून माझी पहिली भेट. तो इस्त्रीचा शर्ट मी अंगात घातला आणि खोड्यात, बाईंच्याच बादलीवर बसलो. केतकी मॅडमनी माझं अभिनंदन केलं. बाईंचं नाव कुणी काढलं नाही. मग पडद्यावरच्या एका चौकोनात प्लॅस्टर घातलेला हात वर झाला. तीच मुलगी होती.

"सर, म्हैस लाथ मारणार नाही हे आधी कसं ओळखायचं?"

मला उत्तर माहीत होतं. ते कुणाचं आहे तेही माहीत होतं. मी घसा खाकरून म्हणालो, "तिच्या खांद्यावर हात ठेवून थांबायचं. कान ताठ असतील तोवर हात लावायचा नाही. कान ढिला सोडला की समजायचं, ओळख झाली."

केतकी मॅडम म्हणाल्या, "किती सुंदर निरीक्षण आहे, सर!" पडद्यावर टाळ्यांची चित्रं नाचू लागली. त्या एका मिनिटासाठी मी एकोणीस वर्षं थांबलो होतो आणि ते मिनिट मला फार गोड लागलं, हेही लिहून ठेवतो. मग मी मान वळवली. बाई हौदाशी बादल्या विसळत होत्या. सगळं ऐकू जाण्याच्या अंतरावर.

भेट संपली. मी खोड्यातून बाहेर आलो. वाटलं, आता काही तरी बोलतील, निदान बादली आपटतील. एकदा तरी त्यांनी मला शिवी द्यावी असं मला फार वाटत होतं, म्हणजे आमची फिटंफाट झाली असती. बाई हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "सांगितलं ते लई ब्येस केलं, सायेब. पोरीच्या कामाला यील."

त्यांना ते मनापासूनच वाटत होतं. बाईंच्या हातातली कला मला येत नव्हती म्हणून मी इतकी वर्षं जळत होतो. त्या क्षणी मला दिसलं की त्यांच्याकडं आणखीही काही आहे आणि ते तर मला सात जन्मांत यायचं नाही. मी आत गेलो, शर्ट काढून खिळ्याला लावला आणि बनियनवरच माझा कागद लिहायला बसलो. एक पान झालं. व्हिडिओ कुणी कापला, कशासाठी कापला, आज दिलेलं उत्तर कुणाचं. डॉक्टरसाहेबांच्या सहीसाठी थांबलो नाही, सरळ वर पाठवलं. केतकी मॅडमना तो सहा मिनिटांचा व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, यातलं काही कापू नये, माझा आवाजसुद्धा.

त्यानंतरचं थोडक्यात. मला लेखी ताकीद मिळाली. माझं नाव यादीतून निघालं. बाईंवरचं पत्र मागं घेतलं गेलं. केतकी मॅडमनी कुठं कुठं भांडून व्हिडिओ पूर्ण लांबीचा चढवला आणि धड्यातली ती 'रिकामा वेळ'वाली ओळ काढायला लावली. मुलीचा हात बरा झाल्याचं बाईंना कार्यालयानं कळवलं नाही, तिनंच फोन करून सांगितलं. मी कागद लिहिला हे मी बाईंना सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. फक्त एका सकाळी बाई चष्मा मागायला आल्या नाहीत. त्यांनी बीडहून स्वतःचा आणला होता.

बाईंच्या निवृत्तीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी दवाखान्यात निरोपाचा कार्यक्रम झाला. नारळ, साडी, पेढे. तालुक्यातले सगळे पर्यवेक्षक आले होते आणि पहिल्यांदाच परिचरही. कुणी तरी मोठ्या पडद्याच्या फोनवर तो व्हिडिओ लावला. माझा आवाज आला, "बाई, उरका की आता," आणि म्हशीचे कान ताठ झाले. सगळी खोली हसली. मीही हसल्यासारखं केलं. मग फोटो काढला. बाई मधे बसल्या होत्या, मी मागच्या रांगेत होतो.

बाई लेकीकडं लिंबागणेशला राहायला जाणार होत्या. जावई जीप घेऊन आला होता. गाठोडं मागं टाकलं, बाई पुढं बसणार, तेवढ्यात फाटकातून एक माणूस गाय ओढत आला. आदल्या दिवशीच्या बाजारातून आणलेली, पोट फुगलेली, डोळे फिरवत होती.

बाईंनी विचारलं, "हिला हाक काय मारता?"

"आजून नाव न्हाई ठिवलं, मावशे. कालच आणली."

"मंग थांबावंच लागंल," बाई म्हणाल्या. त्या आत गेल्या, खिळ्यावरचा खाकी शर्ट काढून नव्या साडीवर घातला आणि गायीच्या खांद्याशी जाऊन उभ्या राहिल्या. गायीचे कान उभे, कातडी थरथरत होती. जीपचं इंजिन धडधडत होतं आणि जावई हॉर्न वाजवायला हात उचलत होता. मी त्याच्याकडं गेलो, खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. मग औषधाची बाटली घेऊन खोड्यापाशी आलो आणि बाईंपासून दोन हातांवर थांबलो. श्वास पण हळू घेत होतो. बाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि परत गायीकडं.

बराच वेळ गेला. मग गायीनं कान ढिला सोडला. आधी बाईंच्या बाजूचा, थोड्या वेळानं माझ्या बाजूचा.

तो त्यांच्यासाठीच सोडला होता, हे मला कळतं. पण मी तिथं उभा होतो.